भिंती इथे, चित्रं तिकडे

बार्सिलोनापासून शंभरेक किलोमीटरवर, बेर्गाजवळ, ल्योब्रेगात नदीवर एक जुना दगडी पूल आहे. तो ओलांडून झाडीतून वर चढलं की सांत किर्झे दे पेद्रेत हे जुनं चॅपल. पहिल्यांदा वेळ न बघताच गेलो आणि दाराला कुलूप. मग पायरीवर बसून डबा खाल्ला नि उतरलो. सोमवारी ऑफिसातला एकजण हसून म्हणाला, "एर्मिताला किल्लीची चौकशी केल्याशिवाय कुणी जातं का?"

एर्मिता म्हणजे खरं तर एकांतात राहणाऱ्या साधूची जागा. पण इथे गावाबाहेरच्या, डोंगरावरच्या कुठल्याही चॅपलला लोक सर्रास एर्मिता म्हणतात, मग तिथे कधी साधू राहिला असो वा नसो. वर्षातून एकदा अशा ठिकाणी 'अप्लेक' भरतो. आधी मिस्सा, मग सार्दाना नाच आणि झाडाखाली जेवणं. जत्राच म्हणा, फक्त पाळणे नाहीत. सांत किर्झे हा संत म्हणजे एक लहानगा. आई जुलितासोबत तो हुतात्मा झाला, अशी कथा आहे.

दुसऱ्या खेपेला आत शिरलो. बाहेरचं ऊन एकदम तुटलं. घोड्याच्या नालेसारख्या बुटक्या कमानी, जाड दगड, आणि अंधाराला डोळे सरावले की गाभाऱ्यात रंग. बांधकामाची सुरुवात नवव्या-दहाव्या शतकातली, चित्रांचा वरचा थर त्यानंतरचा, साधारण 1100च्या आसपासचा. मी अगदी भक्तिभावाने बघत होतो. तेवढ्यात कळलं की या नकला आहेत, 1995 साली संपलेल्या जीर्णोद्धारात केलेल्या.

मूळ चित्रं गेली कुठे? 1919 साली एका संग्राहकाने सांता मारिया दे मूर या दुसऱ्या चर्चमधली चित्रं विकत घेतली. ती उतरवली इटलीतून आलेल्या कारागिरांनी, आणि 1921मध्ये ती थेट अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात पोचली. इकडे हलकल्लोळ झाला. मग बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने काय करावं? त्याच इटालियनांना कामाला लावलं, आणि दुसरं कुणी विकायच्या आत बाकीच्या चर्चमधली चित्रं स्वतःच उतरवून घेतली! चोराच्या हाती किल्ली म्हणा हवं तर, पण चालली ती युक्ती.

ही पद्धत ऐकून माझ्या अंगावर काटा आला. चित्रावर सुती कापड ठेवून प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला गरम सरस चोपडायचा. वाळला की ताणून ओढायचं. रंगाचा पातळ पापुद्रा कापडाला चिकटून भिंतीवरून सुटतो. मग सतरंजीसारखी गुंडाळी करायची आणि डोंगरातून खेचरांवर लादायची. अशा रीतीने पेद्रेतचा एक बाजूचा गाभारा बार्सिलोनाला गेला. मधल्या गाभाऱ्यातली चित्रं 1937मध्ये, स्पेनच्या यादवी युद्धाच्या धामधुमीत, सोलसोना या शहरात गेली. आणि ती सोलताना खाली आणखी जुनं चित्र निघालं. वर्तुळात हात पसरून उभा एक दाढीवाला, आणि वर्तुळाच्या माथ्यावर पक्षी.

त्याच सुमारास, 1920 ते 22मध्ये, आपल्या अजिंठ्यातही दोन इटालियन काम करत होते, चेक्कोनी आणि ओर्सिनी. निजाम सरकारने बोलावलेले. त्यांनी चित्रं जागची हलवली नाहीत, पण लाखेचं व्हार्निश दिलं, आणि पुढे ते पिवळं पडून चित्रं काळवंडली. उतरवावीत की जागेवर जपावीत? पेद्रेतच्या ओल्या भिंतींना हात लावल्यावर मी 'उतरवावीत'कडे झुकतो. पण त्या पायरीवर बसलं की मन मानत नाही.

पुढच्या रविवारी बार्सिलोनातल्या मोंजुईक टेकडीवरच्या संग्रहालयात गेलो. तिथे खोट्या गाभाऱ्यात खरी चित्रं आहेत, वातानुकूलित. बायबलातल्या दृष्टांतातल्या, नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा कुमारिका. पाच शहाण्या जेवणाच्या मेजाशी, त्यांचे दिवे पेटलेले. पाच वेडपट, दिवे विझलेले, वेळ चुकलेल्या. त्यांना दार बंद.

त्या पाचजणींकडे मी जरा जास्तच वेळ बघत उभा राहिलो.