संरक्षणमंत्री मुंबईतूनच का जातात?

संरक्षण खातं दिल्लीत असलं तरी संरक्षणमंत्री मुंबईतून जातात, असं मी वर्गात म्हटलं की पोरं हसतात. मग मी नावं घेते. कृष्ण मेनन उत्तर मुंबईचे खासदार. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून इथूनच गेले. शरद पवार १९९१ ते १९९३. जॉर्ज फर्नांडिस तर इथल्या टॅक्सीवाल्यांचे आणि पालिका कामगारांचे पुढारी, १९६७ला काँग्रेसचे बडे नेते स. का. पाटील यांना पाडणारे. पर्रीकर गोव्याचे, पण पवईच्या आयआयटीत शिकलेले, म्हणून त्यांनाही मी जरा ओढूनताणून यादीत बसवते.

मी राज्यशास्त्र शिकवते, आणि माझा आवडता विषय नागरी-लष्करी संबंध, म्हणजे निवडून आलेलं सरकार आणि फौज यांचं नातं. टीवायला दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, पाकिस्तानात लष्कर सत्ता घेतं, मग आपल्याकडे का नाही?" त्याचं उत्तर बरंचसं तयार आहे. १९४७लाच तिन्ही दलांना वेगवेगळे प्रमुख दिले, ब्रिटिश सरसेनापतीचा दिल्लीतला बंगला पुढे नेहरूंचं निवासस्थान झाला, १९५५ला 'कमांडर-इन-चीफ' हे बिरुदही गेलं. एका माणसाच्या हाती सगळी फौज येऊ नये, याची तजवीज पायरीपायरीने झाली. तिन्ही दलांसाठी मिळून एक संरक्षण दल प्रमुख यायला २०२० उजाडलं. मुलं लिहून घेतात, परीक्षेत मार्क मिळतात.

पण बंड झालं नाही म्हणजे संबंध चांगले आहेत, हे मला कधी पटलेलं नाही. खरी गंमत त्यापुढे आहे. सॅम्युएल हंटिंग्टन यांनी १९५७ साली मांडलेला सिद्धांत या विषयाचा पाया मानला जातो. लष्कराला त्याचं कसब सांभाळू द्या, त्यात पुढाऱ्यांनी लुडबुड करू नये, आणि त्या बदल्यात लष्कराने राजकारणापासून लांब राहावं. ऐकायला छान वाटतं. पण आपल्या इतिहासावर लावून बघायला गेलं की ते जागोजागी उसवतं.

मेनन यांचंच घ्या. १९५९च्या ३१ ऑगस्टला लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा दिला. मेनन यांची वागणूक आणि वरच्या बढत्यांमधली ढवळाढवळ यांना ते कंटाळले होते. नेहरूंनी समजूत काढून राजीनामा मागे घ्यायला लावला, आणि दोन दिवसांनी संसदेत नागरी सत्ताच श्रेष्ठ असं बजावून थिमय्यांनाच उघडं पाडलं. नेहरूंची धास्ती मी समजू शकते. शेजारी पाकिस्तानात लष्करशहा अयूब खान सत्तेवर येऊन वर्षही झालं नव्हतं. पण त्या धास्तीत मूळ तक्रारीचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. मर्जीतले बी. एम. कौल वर चढत गेले, आणि १९६२च्या ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केला तेव्हा ईशान्य सीमेवरची कोअर, म्हणजे तिथली मोठी फौज, त्यांच्याच हाती होती.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मेनन आपल्या उपनगरांतून पुन्हा निवडून आले होते. समोर आचार्य कृपलानी. माझे सासरे आप्पा तेव्हा नुकतेच पोस्टात चिकटले होते. प्रचारातली घोषणा ते अजून चालीत म्हणून दाखवतात: "चीनी हमला होते हैं, मेनन साहब सोते हैं, सोना है तो सोने दो, कृपलानीजी को आने दो." पण कृपलानी काही आले नाहीत. मेनन लाखाहून जास्त मतांनी जिंकले. मत कुणाला दिलं ते आप्पा सांगत नाहीत. विचारलं की चहा मागतात.

पीटर फीव्हर नावाचे अमेरिकी अभ्यासक म्हणतात की लोकशाहीत नागरी सत्तेला चुकण्याचाही अधिकार असतो. सेनानी जास्त जाणकार असला तरी शेवटचा शब्द लोकांनी निवडलेल्या माणसाचा. वर्गात हे सांगताना मला ती निवडणूक हटकून आठवते. तो अधिकार आपल्या उपनगरांनी बजावला, आणि आठ महिन्यांनी त्याची किंमत थंडीचे धड कपडेही नसलेल्या जवानांनी ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठावर मोजली. तरीही मला फीव्हर बरोबर वाटतात. फक्त ते वाक्य उच्चारताना जीभ जरा अडखळते.

नोव्हेंबरमध्ये मेनन गेले आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला'. हे वाक्य शाळेपासून इतकं ऐकलंय की त्यामागे प्रत्यक्ष काम काय होतं ते दिसेनासं होतं. चव्हाणांनी केलं ते तसं साधं. तिन्ही दलप्रमुख आणि सचिव यांच्यासोबत नेमाने सकाळची बैठक. मेनन यांच्यासारखी कुणाची पाणउतारा करणारी भाषा नाही. १ सप्टेंबर १९६५ला जम्मू सीमेवरच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाई दल वापरायची परवानगी त्यांनी काही मिनिटांत दिली आणि संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. त्यातली काही पडली, काहींनी आपल्याच सैन्यावर मारा केला, हेही खरं. पण मंत्र्याने कामाला अडवून धरलं नाही, आणि निर्णयाची जबाबदारी झटकलीही नाही.

चव्हाण म्हटलं की आपण मराठी माणसं हळवी होतो. मीही होते. म्हणून पुढची गोष्ट मुद्दाम सांगते. त्याच युद्धात, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, शास्त्रीजींनी लष्करप्रमुख चौधरींना विचारलं, लढाई आणखी काही दिवस चालली तर मोठा विजय मिळेल का? दारूगोळा संपत आलाय, असं उत्तर मिळालं. युद्धबंदी झाली. नंतर कळलं की आघाडीचा दारूगोळा जेमतेम १४ टक्के वापरला गेला होता. कोठारात काय आहे ते दाखवा, असं म्हणणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. पंतप्रधान नाही, सचिव नाही, रोज सकाळी बैठक घेणारे आमचे चव्हाणही नाहीत.

बासष्टचा चटका इतका खोल होता की लढाईचं लष्कराने बघावं, आपण हात लावायचा नाही, हीच शहाणपणाची रीत ठरली. एके काळी स्वतः लष्करात अधिकारी असलेले अभ्यासक अनित मुखर्जी यांचं म्हणणंही याच वळणाचं आहे. आपल्याकडे नियंत्रण आहे, संवाद नाही. नोकरशाही कागद अडवते, लष्कर आपलं अंगण सांभाळतं, आणि मधली जागा ओस पडते. हंटिंग्टन यांचा 'लुडबुड नको' हा सल्ला आपण नको इतका मनावर घेतला, असं माझं मत. मंत्र्याने खोदून विचारणं म्हणजे लुडबुड नव्हे. बढत्यांमध्ये मर्जीतली माणसं घुसवणं वेगळं आणि गोळे किती उरलेत ते मोजून दाखवा म्हणणं वेगळं.

उलट बाजूही आहे, ती मात्र मी पुस्तकात नाही, लहानपणी परळच्या रस्त्यावर पाहिली. जानेवारी १९९३, मुंबईतली दंगल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लष्कराचे ट्रक येऊन जायचे. बाबा म्हणायचे, आता शांत होईल. होत नव्हतं. शरद पवार तेव्हा संरक्षणमंत्री, मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक. पुढे दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने लिहिलं की लष्कराचा परिणामकारक वापर करायचे हुकूम द्यायला मुख्यमंत्र्यांनी मोलाचे चार दिवस घालवले. फौज शहरात होती, ध्वजसंचलन करत होती, पण दंगल मोडायचं काम तिला नेमून दिलेलं नव्हतं. आणि ती आपणहून काही करणार नव्हती. तिने करूही नये, आपण तेच तर शिकवतो. मग हुकूम द्यायचं काम ज्याचं, त्याने तो वेळेवर आणि नेमका द्यायला नको?

यंदा एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी बासष्टचं युद्ध घेतलंय. तिला हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल, म्हणजे त्या पराभवाची लष्करानेच केलेली चौकशी, हवा होता. ६० वर्षं उलटली तरी सरकारने तो खुला केलेला नाही. पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी २०१४मध्ये त्यातला काही भाग इंटरनेटवर टाकला होता, तेवढाच हाती लागतो. तिला म्हटलं, आधी चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ला संसदेत त्या अहवालाबद्दल केलेलं निवेदन वाच. मग मॅक्सवेलची पानं शेजारी ठेव, आणि खासदारांना जे सांगितलं नाही त्याची यादी करून आण. सोमवारी आणते म्हणालीय.