बार्शी लाईटचे मॉडेल : कुर्डुवाडी यार्डापर्यंतचे काम

बार्शी लाईट या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या मॉडेलमध्ये कुर्डुवाडी यार्डातील दोन्ही गेजांचे (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर), नॅरो आणि ब्रॉड, रूळ आता बसले असून मालाच्या चढउताराचा फलाट त्यांच्या मधोमध उभा राहिला आहे. 1:87 या प्रमाणात 762 मिलिमीटरचे नॅरोगेज 8.76 मिलिमीटर भरते, त्यामुळे बाजारात मिळणारा 9 मिलिमीटरचा मार्ग चालून जातो. ब्रॉडगेज मात्र 19.3 मिलिमीटर येते आणि या प्रमाणातला तयार मार्ग 16.5 मिलिमीटरचाच मिळतो, म्हणून तो भाग हाताने सोल्डर करून घातला. तयार नॅरोगेज मार्ग रुंदीत जुळला तरी त्याचा रूळ दोन मिलिमीटर उंच असतो, म्हणजे प्रत्यक्षातल्या हिशेबाने आजच्या मीटरला 60 किलो वजनाच्या रुळापेक्षाही थोराड. बार्शी लाईटचा मूळ रूळ दर यार्ड (तीन फूट) लांबीला अवघ्या 30 पौंड वजनाचा होता. दर्शनी भागात त्यासाठी जेमतेम मिलिमीटरभर उंचीचा रूळ वापरला आहे, आणि डोळा तेथेच ठरतो.

या हलक्या रुळातच बार्शी लाईट उभारणारे ब्रिटिश अभियंते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची सारी करामत आहे. 1895 मध्ये लंडनला कंपनी नोंदवून त्यांनी मार्च 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग सुरू केला. भांडवल बेताचे असल्यामुळे रूळ हलका, आणि रूळ हलका म्हणून इंजिन असो वा वाघीण (मालडबा), कोणत्याही आसावर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. त्यामुळेच लीड्सच्या किटसन कारखान्याचे इंजिन आठ चालक चाके आणि मागे चार चाके असे लांबलचक झाले. वाघिणींच्या सांगाड्यांचे माप 25 फूट बाय 7 फूट असे एकच ठेवले होते, ही गोष्ट मॉडेलकाराच्या पथ्यावर पडते : 87.6 बाय 24.5 मिलिमीटरचा एक साचा केला की उघडी, बंद, सारी वाघीण त्यावर उभी राहते. मंगळवार पेठेतून आणलेल्या पितळी पत्र्याचे सांगाडे तयार आहेत. बोगींची (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांची) कडी तेवढी अजून ढिली बसते.

या गाडीला रडतखडत चालणारी म्हणून हिणवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती मला पटत नाही. पंढरपूर 1906, लातूर 1911 आणि मिरज 1927 असा विस्तार होऊन सुमारे 325 किलोमीटरचे जाळे झाले, ते रडून झाले नाही. दुखणे होते ते कुर्डुवाडीला. बार्शीकडून आलेले प्रत्येक पोते येथे हमालाच्या पाठीवरून ब्रॉडगेजच्या वाघिणीत जायचे. वेळ, मजुरी आणि सांडलोट हे तिन्ही व्यापाऱ्याच्या माथी येत असे. पुढे दारातून दारापर्यंत माल नेणाऱ्या ट्रकने नेमके हेच वर्म धरले. 1 जानेवारी 1954 रोजी मार्ग सरकारकडे आला, तरी गेजातला फरक तसाच राहिला. पंढरपूरचा टप्पा आधी, लातूरकडचा 2008 मध्ये आणि शेवटी पंढरपूर-मिरज असे रुंदीकरण झाले, तेव्हा कुठे ही चढउतार संपली.

म्हणूनच यार्डात इंजिनापेक्षा फलाटाला अधिक जागा दिली आहे. दोन्ही वाघिणींच्या तळांच्या उंचीतला फरक बाजूने पाहताच लक्षात यावा, अशी त्याची कड ठेवली आहे. पोती एम-सीलची असून त्यांना पातळ सुती कापडाचा ठसा दिला आहे. पुढचे काम किटसन इंजिनाचे. चारही चालक आस एकाच सरळ सांगाड्यात घट्ट बसवले तर मॉडेलच्या वळणावर ते अडते, म्हणून मधल्या दोन आसांना थोडी बाजूची ढिलाई ठेवून चाचणीचा सांगाडा कापायला घेतला आहे.