सारंगखेडा, तिसरी खेप: रेवाल चाल आणि १/४०

यंदा सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून परतले तेव्हा कार्डावर ६४० फ्रेम होत्या. दोन संध्याकाळी बसून निवडल्या, अकरा ठेवल्या. त्या अकरांतल्या एका फ्रेमसाठी मी तीन वर्षं अमळनेरहून गाडी धरून दोंडाईच्याला उतरते आहे. ती कशी मिळाली आणि आधीची दोन वर्षं का मिळत नव्हती, हे सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते. जनावरांचे, शर्यतींचे किंवा नुसते रस्त्यावरच्या सायकलींचे फोटो काढणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

ज्यांनी ही यात्रा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडंसं. सारंगखेडा तापीकाठी, शहादा तालुक्यात. तिथल्या एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी, पांढरेशुभ्र नुकरा, सगळ्या जातींचे घोडे. तिथी चांद्र असल्यामुळे यात्रेची तारीख बरीच हलते. २०२३ ला २६ डिसेंबर होती, २०२४ ला १४ आणि २०२५ ला ४. बाजार पौर्णिमेनंतरही बरेच दिवस चालतो, म्हणून मुख्य दिवसाची गर्दी चुकवून गेलं तर फोटोला जास्त जागा मिळते.

माझ्याकडे निकॉन डी ५६०० आहे, सोबत दोन लेन्स, ७०-३०० झूम आणि ५० एमएमची १.८. सेकंदाला पाच फ्रेम जातात. एवढ्यात सगळं होतं.

पहिल्या वर्षाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शटर १/२००० (म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भागच उघडं), आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, ४००, आणि दिसेल त्या पळत्या घोड्यावर बर्स्ट, म्हणजे एकामागून एक सलग फ्रेम. फोटो धारदार आले, आयाळीचा केस न् केस मोजावा असे. पण घोडे मातीच्या बैलासारखे उभे राहिलेले वाटत होते. चारी पाय हवेत असलेली फ्रेमही मिळाली. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजनं ओळीनं १२ कॅमेरे लावून हेच सिद्ध केलं होतं, की दौडीत घोड्याचे चारी पाय जमिनीवरून सुटतात, आणि तेही ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. ते आपल्या कॅमेऱ्यात बघून फार आनंद झाला. त्यातली एक फ्रेम मी मोठी छापून घेतली.

दुसऱ्या वर्षी ठरवून पॅनिंग केलं. शटर १/३०, घोड्याबरोबर कॅमेरा फिरवायचा, घोडा स्पष्ट आणि मागचं सगळं ओढलेलं. दिवसभरात एकही फ्रेम धड नाही. घरी येऊन एकेक बघितल्यावर तीन चुका सापडल्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या होत्या.

पहिली चूक उन्हाची. मी अकरा ते दोन काढत होते. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० हा फोटो काढणाऱ्यांचा जुना हिशोब. १/३० वर यायचं तर एफ/२८ च्या आसपास जावं लागतं, आणि बहुतेक झूम लेन्सचा साठा २२ पाशीच संपायला लागतो. म्हणजे फ्रेम पांढुरक्या येणारच होत्या. एनडी ८, म्हणजे लेन्सपुढची काळपट काच, लावली की तीन स्टॉप प्रकाश कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) आणि तोच हिशोब एफ/१० वर येऊन बसतो. हे मी घरून निघायच्या आधी कागदावर मांडायला हवं होतं.

दुसरी चूक पार्श्वभूमीची. मोकळी जागा बघून मी नदीच्या अंगाला तोंड करून उभी राहिले. मागे रेती आणि आभाळ. पॅनिंगमध्ये वेग दिसतो तो मागच्या रेघांमुळे. मागे काही नसेल तर रेघा कशाच्या येणार? आता मी मुद्दाम झाडांचे बुंधे, तंबूचे खांब, रंगीत कनाती किंवा बसलेली माणसं मागे येतील अशी जागा धरते.

तिसरी सगळ्यात महागात पडलेली. भर बाजारात, टापांनी धूळ उडत असताना मी लेन्स बदलली. एफ/५.६ ला काही दिसलं नाही, पण एफ/२० च्या फ्रेममध्ये आभाळभर राखाडी ठिपके. बारीक छिद्रातून प्रकाश सेन्सरवर सरळ रेषेत येतो, म्हणून धुळीच्या कणाची सावली धारदार पडते. मोठ्या छिद्राला तीच सावली पसरून विरून जाते. तेव्हापासून नियम एक: यात्रेत शिरायच्या आधी लेन्स लावायची आणि परतीच्या गाडीत बसेपर्यंत काढायची नाही. रबरी फुगा पिशवीत असतोच. तोंडानं फुंकर मारू नका, बाष्पानं डाग चिकटतो.

यंदा दत्तजयंती गुरुवारी आली. दत्ताचा वार आणि दत्तजयंती एकाच दिवशी, त्यामुळे देवळाकडे लांबलचक रांग होती. मी आदल्या रात्रीच दोंडाईच्याला नातेवाइकांकडे राहिले आणि उजाडायच्या आत बाजारात पोचले.

सकाळी सातला सूर्य वर येतो आणि त्याच वेळी मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, खरारा करायला घेतात, दातेरी खराऱ्यानं घोड्याचं अंग घासतात. हे मी आधीची दोन्ही वर्षं पाहिलंच नव्हतं, कारण माझी गाडी दहाला पोचायची. एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडी, कपाळावर पांढरा टिळा. मोतद्दार तिच्या पाठीवरून खरारा ओढायचा आणि दर फटक्याला अंगातून धुळीचा पातळ ढग उठायचा. मी सूर्याच्या बाजूनं उभी होते तेव्हा ती धूळ नुसती मळकट दिसत होती. वळसा घालून पलीकडे गेले, सूर्य घोडीच्या मागे घेतला, आणि तीच धूळ पेटली. धुळीचा कण त्याच्यावर पडलेला बराचसा प्रकाश पुढच्याच दिशेनं पसरवतो, म्हणून ती सूर्यासमोर धरली की उजळते.

पण तेवढ्यानं भागत नाही. मागे अंधार लागतो. सूर्य तंबूच्या मागून वर येत असला की तंबूची आपल्याकडची कनात सावलीत असते, जवळजवळ काळी. तिच्या डोक्यावरून आलेलं ऊन फक्त घोडीच्या पाठीवर आणि उडत्या धुळीवर पडत होतं. मी गुडघ्यावर बसले, सूर्य कनातीच्या कडेआड लपवला, लेन्सवर आडवं ऊन अडवणारं हूड लावलेलं होतंच. मॅन्युअल, १/५००, एफ/५.६, आयएसओ ४००. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर सोडलं असतं तर त्यानं काळी कनात बघून सगळं उजळवलं असतं आणि धूळ जळून गेली असती. जवळून पाहिलं तर फ्रेममध्ये खराऱ्याच्या दात्यांत अडकलेले केससुद्धा उन्हानं तांबूस दिसतात. कान मारवाडी घोड्यांचे असतात तसे, टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. त्या दोन कानांच्या मधून ऊन येत होतं.

या सकाळच्या पाच फ्रेम ठेवल्या. एवढ्यावर परत आले असते तरी समाधान होतं.

नऊच्या सुमाराला एका घोडेवाल्या काकांना भेटले. पहिल्या वर्षीचा तो छापलेला फोटो त्यांच्याच घोड्याचा होता, द्यायला नेला होता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, बराच वेळ बघितला, बाजूच्यांना दाखवला. मग मला म्हणाले, "ताई, फोटो चांगला शे. पन हाऊ पयना, चालना नही."

म्हणजे फोटोत घोडा पळतोय, चालत नाहीये. मला आधी कळेना. मग त्यांनी त्याच घोड्यावर बसून मला रेवाल दाखवली. रेवालीत घोडा एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलतो. पाय झपाझप पडतात, पण पाठ हलत नाही. स्वारानं हातात पाण्यानं भरलेला पेला धरला तरी सांडू नये, अशी त्या चालीची कसोटी. या बाजारात घोड्याची किंमत रंगावर असते, उंचीवर असते, पण चालीवर फार असते. आणि मी तीन वर्षं दौडीच्या मागे लागले होते.

त्या चालीकडे बघतानाच पॅनिंगचं कोडं सुटलं. दौडीत घोड्याचं डोकं वरखाली होतं. आपण कॅमेरा आडवा कितीही नीट फिरवला तरी संथ शटरला ती वरखाली हालचाल डोळा पुसून टाकते. म्हणून दौडीला १/१२५ च्या खाली गेलं की माझ्या हातून फ्रेम वाया जायच्या. रेवालीत डोकं, मान, पाठ, स्वार सगळं एका सरळ रेषेत सरकतं. हलतात ते फक्त पाय. संथ शटरला याहून चांगला विषय मला माहीत नाही.

संध्याकाळी पाच ते पावणेसहा. ऊन कललेलं, त्यामुळे फिल्टरचीही गरज पडली नाही. १/४०, एफ/११, आयएसओ १००, लेन्स ९० एमएमच्या आसपास, घोडा साधारण पंधरा पावलांवर. पाय रोवून तोंड तिकडे ठेवायचं जिथे घोडा बरोबर समोर येणार आहे, मग कमरेतून मागे वळून त्याला दुरून पकडायचं आणि तो येईल तसं उलगडत यायचं. कोपरं बरगड्यांना घट्ट. फोकस सलग चालू, बिंदू एकच, तो घोड्याच्या डोळ्यावर. बटण दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही, निम्म्या फ्रेम तिथेच बिघडतात. काळा घोडा असेल तर एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी करा, नाहीतर मीटर त्याला राखाडी करतं. नुकऱ्याला तितकंच वाढवा, पण पाठीवरचं ऊन फुटत, म्हणजे नुसतं पांढरंफटक होत नाही ना, हे हिस्टोग्राममध्ये, कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, बघत राहा.

काकांनी नऊ फेऱ्या मारल्या. सहाव्या फेरीतली फ्रेम ती. घोड्याचा डोळा आणि त्यातला उन्हाचा ठिपका स्वच्छ, स्वाराचा पागोट्याचा शेव स्वच्छ, उजवीकडचे दोन्ही पाय एकत्र उचललेले आणि गुडघ्याखाली विरघळलेले, मागच्या कनातींच्या लाल-पिवळ्या रेघा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठी करून काकांना दाखवली. त्यांनी चेहरा बघितला नाही, आधी पाय बघितले. मग मान हलवून म्हणाले, "हाई चाल शे."

अजून एक गोष्ट जमलेली नाही. स्वाराचा चेहरा. घोड्याचा डोळा धरला की चेहरा किंचित सुटतो, कारण दोघं माझ्यापासून सारख्या अंतरावर असले तरी स्वाराची मान अधूनमधून वळते. १/६० ला पाय पुरेसे विरघळतात का, हे बघायचं आहे. त्यासाठी पुढच्या यात्रेपर्यंत थांबणार नाही. जानेवारीत नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांवर जाणार आहे, तिथे पाठीवर पाटी घेऊन सरळ रेषेत चालणारी माणसं मिळतील. लाल रंग इतका असतो की साधा हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि लाल रंगाचा वेगळा आलेख मात्र फुटलेला असतो, तेव्हा तिन्ही रंगांचे आलेख वेगळे उघडून बघावे लागतील. आणि नव्या फोटोची प्रत टाकायला दिली आहे. या वेळी मॅट कागदावर, काकांच्या घराच्या मापाची.