तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या ट्रॅक्सला टर्बो

"मालक, हिच्यात टर्बोचं इंजिन टाकलंय म्हणं. किती पळायली आता?"

डिझेल भरताना, सेलूच्या बाजारात, लग्नाच्या मांडवाबाहेर, कुणाच्या बोअरवर मोटार काढता काढता, माझ्या जुन्या, जीपसारख्या ट्रॅक्सबद्दल हा प्रश्न ठरलेलाच. त्याच्या मागून दुसरा येतो, "आमच्या गाडीत बसंल का?" पहिल्याचं उत्तर मी एका वाक्यात देतो : पूर्वी पळायची जवळपास तितकीच पळते. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. दुसऱ्याचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून हे सविस्तर.

पळण्याचं आधी उरकतो. डिझेल इंजिनाने जास्तीत जास्त किती फिरायचं हे डिझेल सोडणाऱ्या पंपातला गव्हर्नर ठरवतो. गिअरबॉक्स जुनाच, मागच्या चाकांना फिरवणारे क्राऊन-पिनियन दाते जुनेच, टायरही त्याच मापाचे. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी एकदम वेगळी कुठून होणार? आणि मला तसं नकोच होतं. आमची ट्रॅक्स बंद टपाची, उंच, फोर-बाय-फोर म्हणजे चारही चाकांना जोर जाणारी आणि पाठीवर कायम ओझं असलेली. असल्या गाडीला शंभराच्या पुढे नेण्याची हौस ज्याला आहे त्याने आधी तिचे ब्रेक दाबून बघावेत.

माझा धंदा सबमर्सिबल मोटारी काढण्या-बसवण्याचा. गाडीत चेन पुली, तीन पायांचा लोखंडी घोडा, केबलची वेटोळी, पाइप, अवजारांच्या पेट्या आणि दोन पोरं. बोअर काही डांबरी रस्त्याला लागून नसतो. मिरगाचा पाऊस पडला की आमची काळी माती पाणी पिऊन फुगते, चाकाला धरते आणि मडगार्डपर्यंत भरत जाते. तिथे दोनच चाकांना जोर जाणारी गाडी बांधावरच थांबते. म्हणून ही गाडी मी सोडली नाही. गाडी सोडायची नव्हती, पण इंजिन थकलं होतं. जळगावहून पाइप भरून येताना फर्दापूरच्या पुढे अजिंठ्याचा घाट लागला की मागे ट्रकवाल्यांचे हॉर्न सुरू व्हायचे, आणि पाण्याच्या तापमानाच्या काट्याकडे बघत दुसऱ्या गिअरवर चढावं लागायचं. दुखणं एवढंच होतं. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं चाक, त्याच्यासाठी.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण टर्बोचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चिखल उडवणारी गाडी येते. चिखलात टर्बो फारसा कामाला येत नाही. टर्बो फिरतो तो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरावर, आणि धूर जोराचा हवा असेल तर इंजिन फिरत असावं लागतं. हजार-बाराशे फेऱ्यांवर चिखलातून हळू काढताना टर्बो जवळपास झोपलेला असतो. तिथे तारते ती लो गिअर. जीपवाल्यांना माहीत असलेल्या डाना अठरा ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीत, लो टाकली की जोर २.४६ पट होतो. एवढी वाढ कुठलाही टर्बो देत नाही, तीही फुकटात. रानासाठीच टर्बो बसवायचा विचार असेल तर ते पैसे चांगल्या टायरांवर घाला.

आता इंजिनाकडे. जुन्या ट्रॅक्समधलं इंजिन म्हणजे मर्सिडीजचं ओएम ६१६, बजाज टेम्पोने इथे बनवलेलं. चार सिलिंडर, २.४ लिटर, मिको कंपनीचा पंप, डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणारं प्री-चेंबरचं जुनं इंजिन. मर्सिडीजच्या २४० डी मोटारीत ते आधी ६५ आणि १९७८ नंतर ७२ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) द्यायचं. बिचाऱ्याने कधी घाई केली नाही आणि कधी दगाही दिला नाही. पहिला मोह असा होतो की याच इंजिनाला बाहेरून टर्बो टांगावा. मॅनिफोल्ड बदला, तेलाची एक नळी द्या, पंपाचा स्क्रू थोडा फिरवा, झालं. असं करून देणारे आहेत, आणि गाडी पहिल्या दिवशी उडतेही.

पण याच घराण्यात मर्सिडीजने स्वतः काय केलं ते बघा. ओएम ६१७ म्हणजे याच इंजिनाला पाचवा सिलिंडर जोडलेला थोरला भाऊ. १९७८ मध्ये ३०० एसडी मोटारीसाठी त्याला टर्बो लावला तेव्हा ८० पीएसचे ११५ च्या आसपास झाले. पण नुसता टर्बो लावून नाही. पिस्टनच्या पोटावर खालून सतत तेल मारणाऱ्या नोझल बसवल्या, एक्झॉस्ट वॉल्व सोडियम भरलेले घेतले. हे सगळं कशासाठी? उष्णता बाहेर काढण्यासाठी. ज्यांनी इंजिन जन्माला घातलं त्यांना ते करावं लागलं, आणि आपण पाना-स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते टाळायला निघतो. जुन्या पिस्टनखाली ती सोय नाही. त्यात २१ ला १ एवढं मूळचंच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातली हवा एकविसाव्या हिश्श्यात दाबणं. घाटात दहा मिनिटं पाय दाबून ठेवला की पिस्टनचं डोकं किती तापतं ते पाण्याच्या काट्यावर दिसत नाही. पाण्याचा काटा जागचा हलत नाही आणि वर पिस्टन वितळायला लागतो.

म्हणून मी कारखान्यातूनच टर्बो होऊन आलेलं, त्याच घराण्याचं २.६ लिटरचं इंजिन शोधलं. फोर्स मोटर्सच्या पहिल्या गुरखात होतं ते, ८० पीएसच्या घरातली ताकद आणि २३० न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. बजाज टेम्पोचंच नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, त्यामुळे जात एकच. आकडे ऐकून लोक नाक मुरडतात, "एवढंच?" हो, एवढंच. आजच्या कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या, गाड्या याच्या दीडपट-दुप्पट देतात, पण त्यांच्यासोबत ईसीयू (तो कॉम्प्युटर), सेन्सर आणि वायरिंगचं जाळं येतं. जिंतूरच्या पुढे कुठल्या शेतात ते बंद पडलं तर लॅपटॉपवाला कुठून आणू? मिकोचा पंप ज्याला कळतो असा माणूस आमच्याकडे प्रत्येक तालुक्याला आहे.

घराणं एक असलं तरी सगळं आपोआप बसतं असं धरू नका. दोन्ही इंजिनं शेजारी ठेवायची, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेलहाऊसिंगचा पुठ्ठ्याचा साचा काढायचा, भोकं जुळवून बघायची. दुसऱ्याच कंपनीचं इंजिन असेल तर मध्ये ॲडाप्टर प्लेट येते, आणि ती लेथवर नीट मध्य साधून झाली नाही तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि पायलट बेअरिंग दोन्ही जातात. आमचे वस्ताद या कामाला मध्य मोजणारा डायल लावतात आणि तोवर कुणाशी बोलत नाहीत. फोर-बाय-फोरमध्ये आणखी एक अडचण : इंजिनाखालचं ऑइल चेंबर आणि पुढचं डिफरन्शिअल एकमेकांच्या वाटेत येतात. गाडी उभी असताना बोटभर जागा दिसते, खड्ड्यात पुढचं चाक वर आलं की ठोकर. म्हणून जॅकवर पुढची बाजू पूर्ण दाबून-सोडून बघायची आणि मगच इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशनचे ब्रॅकेट पक्के वेल्ड करायचे. इंजिन जरा वर उचललं की शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस वाजायला लागतात. शाफ्ट कापला असेल तर बॅलन्स करून घ्यायचाच. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नव्या इंजिनाच्या जोराची. व्हॅक्यूम पंप विसरू नका, डिझेलला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम नसतो आणि ब्रेकचा बूस्टर त्याच्यावरच जगतो.

हे सगळं एकदाच करायचं काम. रोजचा हिशेब उष्णतेचा. डिझेलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जाच कामाला लागते, बाकीची धुरातून आणि पाण्यातून बाहेर पडते. जास्त जोर हवा तर जास्त डिझेल जाळायचं, म्हणजे फेकायची उष्णताही तेवढीच वाढली. ती फेकायची कुठे, तर परभणी-नांदेडच्या मे महिन्यातल्या हवेत, जी स्वतःच ४३-४४ अंशांवर असते. पुण्यात जमलेलं काम इथे जमेलच असं नाही ते याच्यामुळे.

आणि टर्बो हवा दाबतो म्हणजे तापवतोही. ४५ अंशांची हवा ०.७ बारपर्यंत दाबली की साधारण १२० अंशांवर जाते. अशी विरळ, तापलेली हवा सिलिंडरात घालून उपयोग काय? म्हणून ती गार करणारी जाळी, इंटरकूलर. तो सगळे गाडीच्या पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढ्यात बसवतात. दिसायला छान दिसतो, पण रेडिएटरला मग आधीच गरम झालेली हवा मिळते. रानात लो गिअरवर, वारा मागून, ताशी पाच किलोमीटर : तिथे समोरून हवा येतच नाही. माझा इंटरकूलर बाजूला आहे, स्वतःचा इलेक्ट्रिक फॅन घेऊन. रेडिएटर पितळी, जुन्यापेक्षा एका ओळीने जाड, आणि त्याच्या फॅनभोवतीचं कव्हर जागेवर. हे कव्हर आमच्याकडे गॅरेजात काढून ठेवतात आणि परत बसवायला विसरतात. कव्हर नसलं तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनाभोवतीचीच गरम हवा घुसळत बसतो.

पाण्याचं मला जरा जास्तच बोलता येतं, धंदाच तो. बोअरमधून वर आलेला पाइप कापून बघितलाय का कधी? आत क्षारांचा पांढरा थर, कुठे कुठे निम्मं भोक बुजलेलं. तेच पाणी लोक रेडिएटरमध्ये ओततात. त्या बारीक नळ्यांचं काय होत असेल! कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नाही. अडचणीत ओतलंच बोअरचं पाणी तर गावात आल्यावर काढून टाकायचं.

उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, हाही एक इथला रिवाज. या इंजिनात तो उलटा अंगावर येतो. याचा थर्मोस्टॅट दोन कामं करतो : गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी आतल्या आत फिरण्याची बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, आणि बरंचसं पाणी रेडिएटरला न भेटताच माघारी. गाडी आणखी तापते आणि मिस्त्री म्हणतो, बघा, काढूनही फरक नाही.

पाण्याच्या काट्यापेक्षा मी दुसऱ्याच काट्याकडे बघतो. टर्बोच्या तोंडाशी धुराचं तापमान मोजणारा पायरोमीटर. डिझेल जास्त आणि हवा कमी झाली की हा आधी चढतो, पाणी नंतर. ७०० अंशांच्या आसपास आला की पाय सैल, गिअर खाली. पंप बेंचवर लावून घेतला तो याच काट्याच्या हिशेबाने. काळा धूर सोडत जाणारी गाडी बघून पोरं टाळ्या वाजवतात, मला ते न जळलेलं डिझेल दिसतं.

धुळीबद्दल थोडक्यात. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फिरतं, त्याला मातीचा कण गोळीसारखा लागतो. जुन्या, तेलातून हवा गाळणाऱ्या ऑइल-बाथ फिल्टरवर वाढलेली हवा ओढली तर तेलही ओढलं जाण्याची भीती, म्हणून मोठा कोरडा फिल्टर, आणि फिल्टर ते टर्बो या पाइपाची क्लिप दर आठवड्याला हाताने चाचपून बघणं. तेल १५-डब्ल्यू-४०, वेळेवर. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, मिनिट-दोन मिनिटं इंजिन मंद चालू द्यायचं, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल जळून कोळसा होतो. पोरांना हे पटवणं टर्बो बसवण्यापेक्षा अवघड गेलं.

आता ज्याच्याबद्दल कुणी विचारत नाही ते : कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर लिहिलेली माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद, त्याशिवाय पुढे जायचं नाही. मी इंजिनाचं बिल आणि कागद घेऊन आधी आरटीओत गेलो, गॅरेजात नंतर. एकाच कंपनीचं इंजिन निवडण्याचं हेही कारण होतं. भंगारातून नंबर घासलेलं स्वस्त इंजिन उचललं तर ते चोरीचं निघू शकतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबरच बघते. तुमच्या आरटीओने नाही म्हटलं, तर नाही. जुन्या इंजिनाचे सिलिंडर बोअर करून, नवे लायनर-पिस्टन घालून, पंप-नोझल नीट लावून घ्या. खरं सांगायचं तर दहापैकी आठ जणांचं काम तेवढ्यावर भागतं, कारण त्यांच्या गाडीत ताकद कमी नसते, कॉम्प्रेशन गेलेलं असतं.

राहिलं ॲव्हरेज. रिकामी गाडी जुन्याइतकंच देते. भरलेली घाटात थोडं बरं देते, कारण दुसऱ्याऐवजी तिसऱ्यावर चढते. इंजिनाचे पैसे डिझेलच्या बचतीतून वसूल होतील असं कुणी सांगत असेल तर त्याला आधी विचारा, त्याची गाडी महिन्याला किती चालते.