टाक, दौत आणि सिडनीचं बुलेटिन : एकतीस रविवारांनंतरची नोंद

मंडळी, एकतीस चित्रं झाली. दर रविवारी सकाळी एक जुनं ऑस्ट्रेलियन राजकीय व्यंगचित्र समोर ठेवायचं आणि ट्रेसिंग न करता, नुसतं बघून, टाकाने उतरवायचं असं जानेवारीत ठरवलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दोन रविवार हुकले, बाकी एकही नाही. मागच्या नोंदीत मी फक्त टाक-शाईच्या साहित्याबद्दल लिहिलं होतं. या वेळी चित्रांबद्दल लिहितो, कारण आता बोलण्यासारखं काही हाती आलंय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. धरणांचे नकाशे काढण्यात उमेदीची वर्षं गेली. तिथे रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची लागते, ०.३ म्हणजे ०.३. व्यंगचित्रात याच्या नेमकं उलट चालतं. रेघ दाबली की जाड, उचलली की बारीक, आणि माणसाचा स्वभाव त्या चढउतारातच असतो. पहिले सहा रविवार मी काढलेले मंत्री कालव्याच्या काठासारखे सरळसोट दिसत होते. गिलॉट ३०३ची निब वापरायला लागल्यापासून फरक पडला. फार लवचीक निब आहे, तिला घाई चालत नाही. शाई कॅमलिनचीच, काळी वॉटरप्रूफ.

ऑस्ट्रेलियाच का, असं दोघातिघांनी विचारलं होतं. एक कारण घरचं. लेक कॅनबेराला असते. दुसरं कारण व्यंगचित्रकार डेव्हिड लो. बाळासाहेब ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण, दोघेही लोला फार मानत. लक्ष्मण यांना तर लहानपणी लोची सही ‘काऊ’ (इंग्रजीतली गाय) अशी वाचायची सवय लागली होती, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. आपण सगळे लोला लंडनचा समजतो. हिटलर आणि स्टालिन एकमेकांना लवून नमस्कार करतायत, मधे प्रेत पडलंय, हे १९३९चं चित्र आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. पण लो जन्माने न्यूझीलंडचा, आणि त्याचा हात बसला तो ‘द बुलेटिन’ या सिडनीच्या साप्ताहिकात. १९११ ते १९१९ तो त्यांच्याकडे होता. मग वाटलं, आपल्या मुंबईच्या व्यंगचित्राचा एक झरा जिथून येतो, तिथपर्यंत मागे चालत जाऊन बघावं.

सोय अशी की घरबसल्या हे जमतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘ट्रोव्ह’ नावाचा संग्रह आहे. जुनी वर्तमानपत्रं पानन् पान स्कॅन करून ठेवलीत, ‘बुलेटिन’ही आहे, आणि सगळं फुकट. २०२३च्या सुरुवातीला पैशांअभावी तो बंद पडतो की काय अशी वेळ आली होती. लोकांनी आवाज उठवला आणि त्या एप्रिलमध्ये सरकारने चार वर्षांसाठी ३.३ कोटी डॉलर दिले. ती बातमी वाचून मला मनापासून हायसं वाटलं होतं.

‘बुलेटिन’ निघालं १८८० साली. तीन वर्षांनी त्यांनी न्यूयॉर्कहून लिव्हिंग्स्टन हॉपकिन्सला आणलं. तो ‘हॉप’ अशी सही करायचा. माझे पहिले नऊ रविवार हॉपचे. त्याचा सगळ्यांत टिकलेला मानसपुत्र म्हणजे ‘मॅन्लीचा छोटा मुलगा’. १८८५मध्ये न्यू साउथ वेल्स या वसाहतीने इंग्रजांच्या मदतीला सुदानच्या लढाईत तुकडी पाठवली, तेव्हा मॅन्ली या सिडनीच्या उपनगरातल्या एका मुलाने पत्र लिहून निधीला २५ पौंड दिले. सगळे गहिवरले. हॉपने मात्र त्या मुलाला झालरीची कॉलर आणि गोल टोपी घालून चित्रात उभं केलं, त्या उसन्या आवेशाची टर उडवायला. पुढे गंमत झाली. लोकांना तो मुलगा इतका आवडला की तो वसाहतीचं आणि मग साऱ्या देशाचंच रूप बनला. थट्टेसाठी जन्मलेलं पात्र देशाचं प्रतीक होऊन बसलं. आपल्याकडे लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातला ‘कॉमन मॅन’ पुण्यात आणि मुंबईत पुतळा होऊन उभा आहे, त्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही, फक्त त्याचा जन्म प्रेमातून झालाय.

हॉपची जाळी, म्हणजे एकमेकांवर टाकलेल्या तिरक्या रेघांची छाया, मला लवकर जमली. ते काम नकाशातल्या डोंगरउतारांच्या जवळचं आहे. अडलो ते फिल मे याच्यापाशी.

हा इंग्रज पोरगा १८८५मध्ये सिडनीला आला आणि साधारण तीन वर्षं राहिला. त्याच्या एका चित्रात जेवढ्या रेघा असतात तेवढ्या हॉपच्या एका बाहीत असतात. एक बाक, एक टोपी, दोन सुरकुत्या, माणूस उभा. हे उतरवताना लपायला जागाच नसते. जाळीमध्ये दहा रेघा चुकल्या तरी नजरेत येत नाहीत, इथे एक हुकली की नाक दुसऱ्याचं होतं. पाच रविवार मी फक्त त्याच्यावर घालवले. रेघ श्वास सोडताना ओढायची, हे तिथे शिकलो.

आणि मग चौदाव्या रविवारी त्याचं २१ ऑगस्ट १८८६चं चित्र समोर घेतलं. ‘मंगोलियन ऑक्टोपस’. ऑस्ट्रेलियावर पसरलेला एक मोठा अष्टपाद, त्याला चिनी माणसाचं विद्रूप तोंड, आणि एकेका हातावर लिहिलेलं: स्वस्त मजुरी, अफू, रोगराई, लाच, जुगार, अनीती. प्रत्येक हाताने कुणी गोरा माणूस, बाई, मूल जखडलेलं.

ते हात काढायला अतिशय सुंदर आहेत. वळत जाणारी, बारीक होत जाणारी रेघ, जी मला महिनाभर साधत नव्हती, ती त्या सकाळी आपसूक साधली. तासभर मी त्याच आनंदात होतो. मग तोंडापर्यंत पोचलो आणि टाक खाली ठेवला. पाहताना आपण अशा चित्राला चटकन ‘वंशद्वेषी’ म्हणून पान उलटतो. उतरवताना तसं करता येत नाही. डोळे किती तिरके करायचे, दात किती पुढे आणायचे, हे तुमच्या हाताला ठरवावं लागतं. फिल मेलाही ते असंच एकेक करून ठरवावं लागलं असणार. पंधरा वर्षांनी, १९०१मध्ये, देश एकत्र झाल्याझाल्या तिथल्या संसदेने गोऱ्यांखेरीज इतरांना बाहेर ठेवणारा स्थलांतराचा कायदा केला. ‘ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी’ हे ब्रीद ‘बुलेटिन’च्या माथ्यावर १९६० पर्यंत छापलं जात होतं. चित्राने कायदा केला असं मी म्हणणार नाही. पण कायद्याला लागणारी भीती लोकांच्या डोळ्यांसमोर उभी करण्याचं काम या देखण्या रेघेने केलं.

ते चित्र मी पुरं केलं. मात्र फाइलमध्ये बाकीच्यांसोबत लावलं नाही. वेगळ्या पाकिटात ठेवलंय, खाली साल आणि हा सगळा इतिहास लिहून. तेव्हापासून प्रत्येक चित्रापुढे बसताना एक प्रश्न आधी विचारतो: हा चित्रकार कुणाच्या शेजारी उभा राहून हसतोय?

लोच्या चित्रांत या प्रश्नाचं उत्तर लख्ख मिळतं. पहिल्या महायुद्धातला पंतप्रधान बिली ह्यूज म्हणजे लहानखुरा, हडकुळा, कानाने कमी आणि तोंडाने तिखट. १९१६च्या ‘इम्पीरियल कॉन्फरन्स’ या चित्रात तो लंडनच्या बैठकीत थयथयाट करतोय, साम्राज्याचे मंत्री धास्तावलेत, आणि ब्रिटिश पंतप्रधान ॲस्क्विथ आपला वेल्श मंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज याला म्हणतोय, ‘डेव्हिड, याच्याशी वेल्शमध्ये बोल आणि शांत कर याला!’ ह्यूजचे आईवडीलही वेल्श होते, हे माहीत असलं की मजा दुप्पट. चित्रात ह्यूज सगळ्यांत छोटा आहे आणि सगळी खोली त्याच्याकडे ओढली जाते. सहा वेळा काढल्यावर कळलं की लो कोपऱ्यांतलं काळं अशा बेताने भरतो की नजरेला दुसरीकडे जायला वाटच उरत नाही. इथे मी टाक सोडून दोन नंबरचा कुंचला घेतला. ठाकऱ्यांच्या चित्रांतले ते ठसठशीत काळे भाग आठवा.

त्याच ह्यूजचं दुसरं रूप क्लॉड मार्केच्या ‘ब्लड व्होट’मध्ये आहे. सक्तीच्या सैन्यभरतीसाठी ह्यूजने १९१६ आणि १९१७ असं दोनदा सार्वमत घेतलं. मार्के कामगारांच्या पत्रात चित्रं काढायचा. त्याच्या चित्रात एक बाई पेटीत मत टाकायला हात पुढे करून थबकली आहे, चेहरा चिंतेने काळवंडलाय, आणि मागच्या अंधारात सैतानाच्या रूपात ह्यूज. सोबत एका आईच्या पश्चात्तापाची कविता. दोन्ही सार्वमतांत ‘नाही’ जिंकलं. लोच्या ह्यूजला बघून हसू येतं, मार्केच्या ह्यूजला बघून पोटात गोळा येतो. त्या बाईचा अडखळलेला हात माझ्या एकतीस चित्रांतला सर्वांत अवघड तुकडा होता, आणि माझ्या मते सर्वांत चांगला उतरलेलाही तोच.

आजच्या चित्रकारांची चित्रं मी उतरवत नाही. हक्क त्यांचे आहेत. ती फक्त बघतो आणि टिपणं काढतो. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे गेलो असताना कॅनबेराच्या जुन्या संसद भवनात तीन दिवस याच कामासाठी गेलो. १९२७ ते १९८८ तिथे संसद भरायची, आता लोकशाहीचं संग्रहालय आहे, आणि तिथे दर वर्षी त्या वर्षातल्या निवडक राजकीय व्यंगचित्रांचं प्रदर्शन लागतं. ज्यांच्यावर चित्रं काढली ते जिथे बसायचे, त्याच इमारतीत ती चित्रं. मला हे फार मोठं वाटतं.

त्या देशाने २००७ ते २०१८ या काळात सहा वेळा पंतप्रधान बदलला. नवा चेहरा पक्का होईस्तोवर जुना गेलेला. म्हणून चित्रकारांनी वस्तूच धरून ठेवल्या असाव्यात: ॲबट म्हणजे लाल पोहण्याची चड्डी, मॉरिसन म्हणजे फुलाफुलांचा हवाई शर्ट. २०१९च्या डिसेंबरात जंगलं पेटलेली असताना तो हवाईला सुट्टीवर गेला होता, त्यानंतर तो शर्ट त्याच्या अंगावरून उतरला नाही. अर्कचित्राचा सराव करणाऱ्यांनी हे नीट पाहावं. नाकडोळ्यांच्या आधी त्या माणसाला चिकटलेली एक घटना शोधावी.

मागे मेलबर्नच्या ‘एज’ या दैनिकात रॉन टँडबर्ग पहिल्या पानावर इवलंसं चित्र काढायचा, आपल्या पॉकेट कार्टूनसारखंच. पत्रकारितेचा वॉकली पुरस्कार त्याने अकरा वेळा मिळवला. त्याच्यावर पुढे सवडीने लिहीन.

आता ज्याबद्दल लिहायचं टाळत होतो ते. डिसेंबर २०१५मध्ये लेकीने एका चित्राचा फोटो पाठवला होता. “बाबा, हे बघ. आज ऑफिसात सगळे माझ्याकडे बघत होते.” पॅरिसची हवामान परिषद नुकतीच संपली होती. ‘द ऑस्ट्रेलियन’ या दैनिकातलं बिल लीकचं चित्र: पगड्या बांधलेली गरीब भारतीय माणसं मदत म्हणून आलेले सौर पॅनेल फोडून खातायत, तोंडी लावायला आंब्याची चटणी. त्याच परिषदेच्या पहिल्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, भारताने फ्रान्सबरोबर आंतरराष्ट्रीय सौर आघाडी जाहीर केली होती. लीकचा हात विलक्षण होता, त्याच्या अर्कचित्रांसमोर मी अजूनही थांबतो. पण ते चित्र पाहिलं तेव्हा पोटात जे झालं, तेच मला अष्टपादाचं तोंड काढताना पुन्हा झालं. या वेळी मी त्या चित्राच्या आत होतो. पुढच्याच ऑगस्टमध्ये लीकने मुलाचं नाव न आठवणारा आदिवासी बाप काढला, आणि तिथल्या आदिवासी वडिलांनी आपापल्या मुलांसोबतचे फोटो टाकून उत्तर दिलं. माझ्या मते ते उत्तर चित्रापेक्षा सरस होतं.

तोच प्रश्न आपल्यालाही लावायला हवा. जानेवारी २०१०मध्ये, मेलबर्नमध्ये एका भारतीय तरुणाचा खून झाल्यावर, दिल्लीच्या ‘मेल टुडे’ने मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाच्या पोलिसाला कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या वंशद्वेष्ट्या संघटनेचं टोपडं घातलेला दाखवला. तेव्हा मला ते चित्र चपखल वाटलं होतं. आज वाटत नाही. दुःख खरं होतं, राग रास्त होता, पण तपास चालू असताना साऱ्या पोलिसदलाला एकच तोंड देणं ही अष्टपादाचीच रीत झाली.

एक टिपण मात्र आनंदाचं. ७ जानेवारी २०१५ला पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’ या व्यंग-साप्ताहिकाच्या चित्रकारांना मारलं, त्याच रात्री ‘कॅनबेरा टाइम्स’च्या डेव्हिड पोपने एक चित्र काढलं. बुरखाधारी बंदूकवाला, जमिनीवर पडलेला चित्रकार, आणि मारेकऱ्याच्या तोंडी तीन शब्द. इंग्रजीत ‘ड्रॉ’ म्हणजे चित्र काढणं आणि हत्यार उपसणंही, त्यावरचा खेळ. असली कोटी भाषांतरात मरते असं मी गृहीत धरून चाललो होतो. परवा टिपणं नीट लिहिताना अचानक लक्षात आलं की मराठीत ती जशीच्या तशी जिवंत आहे. आपणही चित्र काढतो आणि बंदूकही काढतो. “आधी यानेच काढलं.” वहीत हे लिहून मी बराच वेळ त्याकडे बघत बसलो.

पुढचे रविवार: स्टॅन क्रॉसचं १९३३चं, लोखंडी तुळईला लोंबकळणाऱ्या दोघांचं चित्र घेतोय. खालचा वरच्याच्या पँटला धरून लटकलाय, पँट घसरलीय आणि हसू आवरत नाहीये. दोन्ही देहांचा भार एका रेघेत तोलायचाय, त्यासाठी निब बदलावी लागेल असं दिसतंय. आणि एक विनंती. कुणाकडे साठच्या दशकातले ‘मार्मिक’चे अंक असतील तर आतल्या मोठ्या चित्रांचे फोटो पाठवा, शक्यतो सरळ वरून आणि सावली न पडता काढलेले. लोने काळं कुठे भरलं आणि ठाकऱ्यांनी कुठे, हे मला शेजारीशेजारी लावून मोजायचं आहे.