तुम्ही विचारलंत म्हणून: लाल दवेतली कोथिंबीर

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते हे कळलं, की इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींचा प्रश्न ठरलेला. "ताई, कोथिंबीर लाल दवेच्या पाण्यातून काढली, मग पोह्यांवर कच्ची घालायला काय हरकत?" इथे शेव, जिरावन मसाला आणि मूठभर कोथिंबीर पडल्याशिवाय पोह्यांना पोहे म्हणत नाहीत, तेव्हा प्रश्न रास्तच आहे.

लाल दवा म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. समोर येईल त्याचं ते ऑक्सिडीकरण करतं, मग तो जंतू असो की माती. मुळांसकट जुडी बुडवा आणि बघा, गुलाबी पाणी हळूहळू तपकिरी होतं. तो रंग मँगनीज डायऑक्साइडचा. औषध माती-पाल्यावरच खर्ची पडलं, जंतूंच्या वाट्याला उरलंसुरलं.

आणि उरल्यासुरल्या ऑक्सिडीकारकाने जंतू सावध होऊ शकतात, हे मला जास्त खटकतं. पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला या जंतूत ऑक्सी-आर नावाचं प्रथिन असतं. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड (तेही एक ऑक्सिडीकारकच) वाढलं, की त्यातल्या दोन गंधक-अणूंमध्ये बंध जुळतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि बचावाची जनुकं कामाला लागतात. १९८५ साली अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांच्या गटाने दाखवलं, की आधी पेरॉक्साइडचा सौम्य डोस दिलेला साल्मोनेला नंतरचा जबर डोसही सोसतो. या तयारीत ३० प्रथिनं वाढतात, त्यांतली ९ ऑक्सी-आरच्या ताब्यातली.

त्यांतल्या कॅटलेजचं, म्हणजे पेरॉक्साइड फोडणाऱ्या एन्झाइमचं, काम पहिल्या वर्षाच्या मुलांनाही नुसत्या डोळ्यांनी दिसतं. काचपट्टीवर जंतूंच्या वसाहतीचा ठिपका घ्यायचा, वर ३ टक्के पेरॉक्साइडचा थेंब सोडायचा, की फसफसून बुडबुडे येतात. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन झालेला असतो. ठिपका लाकडी काडीने उचलायचा, कारण लोखंडाची तार स्वतःच बुडबुडे काढते आणि पोरं फसतात.

पेशीच्या आत मात्र हे लोहच घात करतं. सुटं लोह पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल हे फार विध्वंसक रसायन तयार होतं, आणि ते निकामी करणारं एन्झाइम कुठल्याच जिवाकडे नाही. म्हणून जंतू लोहालाच कोंडतात. डीपीएस नावाचं प्रथिन लोह आपल्या पोकळीत घेतं, वर डीएनएलाही बिलगून झाकतं. कॅटलेजचं कौतुक सगळे करतात, मला ही युक्ती जास्त आवडते. आपल्या पांढऱ्या पेशीही जंतूंवर पेरॉक्साइडच सोडतात, तिथेही ही सारी सामग्री कामी येते.

तर कोथिंबीर. मुळं कापा, वाहत्या पाण्याखाली पानं चोळून माती घालवा, निथळू द्या. लाल दवेची अंदाजे चिमूट मी टाकत नाही. पावसाळ्यात तर कोथिंबीर वरून न घालता पोह्यांत मिसळून चांगली दणदणीत वाफ आणते. हिरवा रंग उतरतो, घरात कुरकुर होते.