सही जुळत नाही

नवऱ्याचा कॅन्सर चौथ्या टप्प्यात आहे हे कळलं तेव्हा डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं. नातेवाइकांनी त्याहून जास्त सांगितलं, गोमूत्रापासून ते अमक्या गावच्या वैद्यापर्यंत. पण त्याची सही बिघडेल, आणि सही बिघडली की आमचेच पैसे आमच्या हाती यायचे थांबतील, हे कुणीही सांगितलं नाही. म्हणून हे लिहितेय. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा मध्येच सूर चढला तर सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकचे. नवरा अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर, वय बेचाळीस. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, निदान झालं तेव्हाच यकृतात पोचलेला. मुलगी तिसरीत, मुलगा ज्युनियर केजीत, घरात सासूबाई, आणि मी संध्याकाळी शिकवण्या घेते. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये जाऊन दुसरं मत घेतलं, त्यांनी आखून दिलेले उपचार नाशिकमध्येच सुरू केले. हे सगळं दमवणारं होतं, पण कुठे अडलं नाही, त्यामुळे त्यावर लिहीत बसत नाही.

केमो अशी होती: दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाइन, आणि मग चौदा दिवस घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. पहिल्या औषधाने हातापायांची बोटं बधिर होतात आणि गार अजिबात सोसत नाही. फ्रिजचं दार धरलं तरी झिणझिण्या येतात, गार पाण्याचा घोट घशात अडकल्यासारखा वाटतो. दुसऱ्याने तळहात-तळपाय लाल होतात, कातडी सोलते आणि काही जणांच्या बोटांवरचे ठसेसुद्धा पुसट होतात. आमच्याकडे दोन्ही झालं. माणसाची ओळख पटवायच्या दोन गोष्टी, सही आणि अंगठा, दोन्ही एकाच उपचारात गेल्या.

गाराचं प्रकरण मुलाने मनावर घेतलं. बाबांना काहीही द्यायचं झालं की तो आधी ते स्वतःच्या गालाला लावून बघायचा. पाण्याचा पेला, चमचा, टीव्हीचा रिमोट, एकदा तर केळंसुद्धा. “हे चालेल,” असं म्हणून मगच द्यायचा. आम्ही हसायचो, पण डिसेंबरच्या नाशिकमध्ये ते खरंच कामाचं होतं.

आता बँक.

विम्याची वर्षाची मर्यादा संपत आली, तेव्हा एफडी मोडायचं ठरवलं. एफडी दोघांच्या नावावर, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. माझी समजूत, आणि तुमच्यातल्या बहुतेकांचीही असेल, की दोघांपैकी कुणीही एकाने सही केली की झालं. तर तसं नाही. मुदत पूर्ण झाल्यावर एकाची सही पुरते. मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या मागितल्या जाऊ शकतात. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच हे स्पष्ट केलेलं आहे, त्यामुळे यात बँकेचा दोष नाही. दोष पुढे सुरू होतो.

फॉर्म घरी आणला. नवऱ्याने पेन धरलं तर ते बोटांतून निसटायला लागलं. पेनाला रबर गुंडाळलं, पाठीशी उशी दिली, त्याने सही केली. त्याची मूळ सही म्हणजे एका झटक्यात आडनाव आणि खाली लांब रेघ. आता अक्षरं सुटीसुटी आली आणि रेघ कागदाबाहेर गेली. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनवरची सही बघितली, फॉर्मवरची बघितली. “जुळत नाही.” मी कारण सांगितलं, केमोची फाइल दाखवली. “मॅडम, आम्हाला स्क्रीनवर जे दिसतं तेच बघावं लागतं.” दुसरा फॉर्म. परत घर, परत उशी, परत रबर. ही सही पहिलीपेक्षा वाईट, कारण आता तो घाबरून करत होता. परत तेच उत्तर.

मग, “त्यांना घेऊन या.” बँक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तळपाय सोललेले, पायाखाली जमीन आहे की नाही ते कळत नाही, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, डॉक्टर म्हणताहेत गर्दीत नेऊ नका. आणि हे म्हणतात घेऊन या.

मग दुसऱ्या एका साहेबांनी आधारवरून करू म्हणून सांगितलं. त्यांचा माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला, हे मात्र कबूल करायला हवं. मशीनने एकही बोट घेतलं नाही. हात पुसले, क्रीम लावलं, परत पुसले. लाल दिवा. “अंगठाच येत नाहीये हो यांचा,” असं तो माणूस माझ्या मुलीसमोर म्हणाला आणि मशीन गुंडाळून गेला.

मग, “पॉवर ऑफ अॅटर्नी करून आणा,” म्हणजे त्याच्या वतीने मी व्यवहार करावा असं मुखत्यारपत्र. त्यावरही नवऱ्याची सहीच लागणार ना? हे मी विचारलं. त्यावर साहेब गप्प.

शेवटी मीच म्हटलं, शाईचा अंगठा घ्या. तेव्हा जे उत्तर मिळालं ते मी जन्मात विसरणार नाही: “पण ते तर इंजिनिअर आहेत ना? शिकलेल्या माणसाचा अंगठा कसा घेणार?”

या सगळ्या काळात घर थांबलेलं नव्हतं. मुलाला कफ झालेला, मुलीची सहामाही परीक्षा, माझ्या शिकवणीची पोरं दारात. बँकेतून यायला उशीर झाला की सासूबाई मुलांना वरणभात कालवून भरवायच्या आणि मी आले की विचारायच्या, “झालं का गं?” मला त्या प्रश्नाचा इतका त्रास व्हायला लागला की मी जिन्यात दोन मिनिटं उभी राहून मग वर जायचे.

वाट निघाली ती शेजारच्या काकांमुळे. ते दुसऱ्या एका बँकेतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, “तोंडी बोलू नकोस. तोंडी बोललेलं बँकेत हवेत जातं. लेखी दे आणि पोच घे.” आणि त्यांनी मला नियम दाखवला. तो नीट वाचा, कारण शाखेतल्या लोकांनाच तो बऱ्याचदा माहीत नसतो.

रिझर्व्ह बँकेच्या १ जुलै २०१५ च्या ग्राहकसेवेच्या मास्टर सर्क्युलरमध्ये, म्हणजे सगळे नियम एकत्र केलेल्या परिपत्रकात, आजारी, वृद्ध आणि असहाय खातेदारांचा स्वतंत्र भाग होता. आजारपणामुळे सही करता येत नसेल तर हाताचा किंवा पायाचा अंगठा घेता येतो. त्याला बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही जमत नसेल तर नुसती खूण चालते, तीही अशाच दोन साक्षीदारांसमोर. खातेदार शिकलेला की अडाणी, याचा त्यात कुठे संबंधच नाही. शिवाय नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की सत्तरीपुढचे ग्राहक, तसंच दीर्घ आजाराचा वैद्यकीय दाखला असलेले किंवा दिव्यांग ग्राहक यांना काही सेवा घरी द्यायची व्यवस्था करा. माझा नवरा सत्तरीचा नाही म्हणून काउंटरवर मला ती सोय नाकारली होती; वाक्याचा पुढचा अर्धा भाग कुणी वाचलाच नव्हता.

मी एक पानी अर्ज लिहिला. काय झालंय, नियम काय आहे, आम्हाला काय हवंय, आणि किती दिवसांत उत्तर हवंय. सोबत कॅन्सरतज्ज्ञांचं पत्र जोडलं. त्यात नुसतं ‘कॅन्सर आहे’ असं नको. ‘औषधामुळे हाताच्या नसांवर परिणाम झाल्याने सही करता येत नाही, ठसे पुसट झाले आहेत, रुग्ण पूर्ण शुद्धीत असून व्यवहार समजतो’ असं सविस्तर हवं. शेवटचा भाग फार महत्त्वाचा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतली. आलेले कागद घेणारा इनवर्डवाला म्हणाला, “ठेवून जा, साहेब बघतील.” मी म्हटलं, शिक्का मारा, मग जाते. आणि उभी राहिले. मागे रांग लागली तसा शिक्का आला. एवढं केल्यावरही बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा अर्ज फेटाळला, तर एकात्मिक लोकपाल योजनेत रिझर्व्ह बँकेकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. अर्जाच्या शेवटी मी तेही लिहून ठेवलं होतं. माझी खात्री आहे की त्याच ओळीने काम केलं.

आठवडा सरायच्या आत बँकेतून फोन. एक अधिकारी घरी आले, तरुण मुलगाच होता. चपला दाराबाहेर काढल्या, नवऱ्याला ‘सर’ म्हणाला, आधी दोन प्रश्न विचारून त्याला व्यवहार कळतोय याची खात्री केली. दुसरे साक्षीदार शेजारचे काका, त्यांचं त्याच शाखेत पेन्शनचं खातं. स्टॅम्प पॅड उघडलं. नवऱ्याने अंगठा टेकवला आणि विचारलं, “लागला का?” त्याला कळतच नव्हतं पॅडला लागलाय की नाही. त्या मुलाने त्याचं मनगट धरलं, अंगठा डावीकडून उजवीकडे हळूच फिरवला आणि फॉर्मवर उठवला. ठसा म्हणजे नुसता जांभळा डाग, रेषा जवळजवळ नाहीतच. पण साक्षीदार असल्यामुळे तो चालला. आमच्या चिरंजीवांनीही हट्ट करून वर्तमानपत्रावर दोन्ही हातांची दहा बोटं उठवून घेतली. दोन दिवसांत पैसे खात्यात. इतकं सोपं होतं ते! सुरुवातीलाच का नाही केलं, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

तुमच्या घरात असं काही सुरू झालं असेल, तर पहिल्या केमोच्या आधी, हात धड असतानाच ही कामं उरकून घ्या: सगळ्या एफडींवर ‘मुदतीआधी दोघांपैकी कुणीही मोडू शकेल’ असं दोघांच्या सहीने लेखी देऊन ठेवा. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर ते बदलून घ्या, कारण त्यात पहिलं नाव असलेला माणूस हयात असेपर्यंत दुसऱ्याला हातच लावता येत नाही. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे ना ते बघा, बोटं गेली तरी बऱ्याच ठिकाणी ओटीपीवर किंवा चेहऱ्यावर भागतं. पीएफचं ई-नॉमिनेशनही आधारच्या ओटीपीवरच होतं. आमच्या पीएफला नॉमिनी म्हणून लग्नाआधीपासून सासऱ्यांचं नाव होतं, ते वारून चार वर्षं झालेली. हे विषय काढले की घरात कुणीतरी म्हणणारच, “अभद्र बोलू नकोस.” बोला. नवऱ्याशी तर सरळ बोला. आमच्याकडे तोच म्हणाला, “आण ते कागद, मला तेवढंच काहीतरी काम.”

मुलांना सांगण्याबद्दल लोक फार विचारतात. आम्हाला दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी सांगितलं होतं की ‘कॅन्सर’ हाच शब्द वापरा, नाहीतर मुलांना साध्या आजाराचीही धास्ती बसते. आणि तीन गोष्टी पुन्हापुन्हा सांगा: हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही, तुमच्यामुळे झालेला नाही, आणि काहीही झालं तरी तुमच्याकडे बघायला आम्ही माणसं आहोत. दुसरी गोष्ट मला फालतू वाटली होती. मग एका रात्री मुलीने विचारलं, “गणपतीत माझा खोकला बाबांना लागला होता, त्याचं असं झालं का?” म्हणजे पोरीने कित्येक महिने ते मनात ठेवलं होतं. बरे होतील का, असं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले नाही. डॉक्टर आजार थोपवून धरायचा प्रयत्न करताहेत, पूर्ण जाईल असं वाटत नाही, असं सांगितलं. ती रडली, मी रडले, मग तिने पोहे मागितले.

केमोच्या गोळ्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा कुलपात ठेवा. सलाइननंतर पहिले दोन दिवस संडासाचं झाकण लावून दोनदा फ्लश करा, जमलं तर त्या दिवसांत मुलांना दुसरा संडास द्या. शाळेत कांजिण्यांची साथ आली की डॉक्टरांना लगेच कळवा. आणि नवऱ्याला १००.४च्या वर ताप गेला तर सकाळची वाट बघू नका, रात्री निघा. मुलांना त्या रात्री कुणाकडे सोडायचं ते आधीच ठरलेलं असू द्या. मुंबईला रेल्वेने जात असाल तर कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थ्री टियर एसीत पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. दाखला ठरावीक नमुन्यातच लागतो, तो दवाखान्यातून भरून घ्या.

सध्या ऑक्झॅलिप्लॅटिन थांबवून दुसरं औषध सुरू आहे. बोटांची जाणीव थोडी परत आलीय, शर्टाची बटणं लावता येतात, सही मात्र नाही. अंगठा घेऊन गेलेल्या त्या अधिकाऱ्यानेच नंतर फोन करून सुचवलं की आता जशी सही होते तशी नवी नमुना सही देऊन ठेवा. दिली.

आणि एक राहिलंच. शाळेत मुलांना न्यायला कोण येऊ शकतं त्या यादीत आजी, आत्या, एखादे शेजारी अशी नावं फोटोसकट आधीच घालून ठेवा. केमोच्या दिवशी मी दवाखान्यात अडकले आणि वॉचमन माझ्या नणंदेच्या ताब्यात मुलं द्यायला तयार नव्हता. त्यालाही सहीच हवी होती. पण त्याने निदान मला फोन लावून विचारलं.